जुन्या पंक रेकॉर्ड घेताय? माझे 47,850 रुपये कसे गेले ते आधी वाचा

एकूण 47,850 रुपये. आधी टोकन म्हणून 10,000, मग 21,000, मग 15,000 आणि शेवटी ‘पॅकिंग आणि विमा’ या नावाखाली 1,850. चारही वेळा यूपीआयने, चारही वेळा माझ्याच बोटांनी पिन टाकून. हे लिहिताना लाज वाटते आहे आणि संतापही आहे. पण रेकॉर्ड विकतो म्हणून मला फसवणारा इसम अजून मोकाट आहे, आणि आपल्याकडे ऐंशीच्या दशकातलं इंग्लिश पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीत, गोळा करणारी माणसं मूठभर असली तरी सगळी माझ्याइतकीच भुकेली आहेत. म्हणून लिहितोय.

‘एवढे पैसे जुन्या तबकड्यांना?’ असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश हे पंक बँड सगळ्यांना माहीत असतात. माझा जीव आहे तो त्यांच्यानंतर आलेल्यांवर. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या एका जुन्या शेतघरात एकत्र राहणारा क्रॅस हा बँड आणि त्यांनी आपल्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीत, ज्यांना जागा दिली ते झाउंड्स, फ्लक्स ऑफ पिंक इंडियन्स, द मॉब, रुडिमेंटरी पेनी. थॅचरबाईंचं राज्य, फॉकलंडचं युद्ध, अणुबॉम्बची टांगती तलवार, आणि या पोरांच्या हातात स्वस्तातल्या गिटारी. सात इंची रेकॉर्डची स्लीव्ह, म्हणजे कागदी कव्हर, उलगडली की तिचं काळंपांढरं पोस्टर व्हायचं. आत गाण्यांचे शब्द, लेख, चित्रं. आणि वर ठळक छापलेलं असायचं की या रेकॉर्डला अमुक पेन्सपेक्षा जास्त देऊ नका. क्रॅसच्या ‘रिअॅलिटी असायलम’वर 45 पेन्स छापले होते. दुकानदाराने गिऱ्हाइकाला लुटू नये म्हणून कमाल किंमत स्लीव्हवरच टाकणारी ही माणसं. त्यांच्याच रेकॉर्ड पुढे करून या भामट्याने मला लुटलं. पैशांइतकंच हेही सलतंय.

भारतात या रेकॉर्डची मूळ प्रत माझ्या तरी कधी नजरेस पडली नाही. फोर्टच्या फुटपाथवर, चोर बाजारात ढीग उपसलेत. बोनी एम मिळतो, अॅबा मिळतो, नशीब असेल तर पिंक फ्लॉइड. ऱ्हिदम हाउस हे मुंबईतलं जुनं रेकॉर्डचं दुकान 2016 मध्ये बंद झालं. तिथेही मला हे काही मिळालं नव्हतं. परदेशातून मागवायचं तर टपालखर्च आणि कस्टम मिळून किंमत कुठल्या कुठे जाते. अशात रेकॉर्डवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणी लिहितो, ‘ब्रिस्टलला शिकायला होतो, तिथे जमवलेलं विकतोय, मुंबईतच आहे.’ तुम्ही काय केलं असतं?

यादी अशी होती. रुडिमेंटरी पेनीचा पहिला ईपी (छोटी रेकॉर्ड), 1981चा, त्यांच्या स्वतःच्या आउटर हिमालयन या लेबलवरचा, सात इंचात 12 गाणी. त्यांचाच 1982चा ‘फार्स’. द मॉबचं ‘नो डव्ह्ज फ्लाय हिअर’. झाउंड्सचं ‘कान्ट चीट कर्मा’. फ्लक्सचं ‘न्यू स्मेल’. आणि क्रॅसची पहिली रेकॉर्ड ‘द फीडिंग ऑफ द 5000’, तीही स्मॉल वंडर या लेबलने काढलेली मूळ प्रत. सगळ्यांचे मिळून 46,000. हा आकडा फार स्वस्त असता तर मला वास आला असता. तो स्वस्त नव्हता. परदेशातून एकेक मागवायचं तर साधारण जो खर्च येईल त्याच्या जरा खाली होता. अशा लोकांचा भाव आता असाच असतो हे लक्षात ठेवा. ‘अर्ध्या किमतीत’ म्हणणारे जुने झाले.

तो अडाणी नव्हता, हेही सांगायला हवं. क्रॅसच्या लेबलचे क्रमांक कसे वाचायचे हे त्यानेच मला फोनवर समजावलं. झाउंड्सच्या रेकॉर्डवर 421984/3 असतं, ‘फोर टू 1984’, म्हणजे 1984 यायला चार वर्षं उरली. पुढच्या वर्षीच्या रेकॉर्डवर 3, त्यानंतर 2, अशी उलटी गणती. मला हे आधीपासून ठाऊक होतं, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून, तेही मराठीत, पहिल्यांदाच ऐकत होतो. रुडिमेंटरी पेनीचा गायक आणि त्यांच्या स्लीव्हची चित्रं काढणारा निक ब्लिंको, त्याच्या शाईच्या रेघांबद्दल आम्ही तासभर बोललो. शेवटी म्हणाला, ‘दादा, भंगारात जाण्यापेक्षा तुमच्यासारख्या माणसाकडे गेल्या तर मला बरं वाटेल.’ टोकन त्याच रात्री गेलं. अशी गप्पांची मैफल जमली की त्या दिवशी एक रुपयाही पाठवू नका.

बायकोने एकच प्रश्न विचारला होता, ‘माणूस एक आणि खातं दुसऱ्याच्या नावावर का?’ मी म्हणालो, त्याच्या बहिणीचं आहे. कारण त्याने मला तसं सांगितलं होतं.

आता त्या क्षणाकडे येतो. तो आठवला की अजून पोटात ढवळतं.

दुसरा हप्ता द्यायच्या आधी मी व्हिडिओ मागितला. त्याने ‘फीडिंग’ वाजतानाचा पाठवला. स्लीव्ह बाजूला टेकवलेली, सुई खाली येते, थोडी खरखर, आणि लगेच बाईचा आवाज सुरू होतो. तो आवाज म्हणजे ‘असायलम’ हे पहिलं गाणं. इथेच सगळं उघडं पडलं होतं. ही रेकॉर्ड पहिल्यांदा छापायला आयर्लंडच्या कारखान्यात गेली, तेव्हा तिथल्या कामगारांनी ‘असायलम’ ऐकून हात लावायला नकार दिला, कारण ते त्यांना धर्मनिंदा वाटलं. म्हणून मूळ प्रतीवर पहिल्या गाण्याच्या जागी दोन मिनिटांची शांतता आहे, आणि तिला बँडने ‘द साउंड ऑफ फ्री स्पीच’ असं नाव दिलं. या प्रकारानंतरच त्यांनी स्वतःचं लेबल काढलं. ‘असायलम’ परत घातलं ते पुढच्या ‘सेकंड सिटिंग’ आवृत्तीत. म्हणजे मूळ प्रतीवर सुई टेकवली तर काहीच ऐकू यायला नको. इथे बाई बोलत होती.

हा इतिहास मला पाठ आहे. गटावर नवीन आलेल्या पोरांना मीच तो सांगतो. आणि त्या रात्री मी हेडफोन लावून तोच आवाज ऐकत राहिलो, दोनदा ऐकला, आणि 21,000 पाठवले. कारण मला तो खरा हवा होता. मी काही पहिल्यांदा खरेदी करत नव्हतो, कधीच कोणाकडून फसलो नव्हतो, फोटो तपासणारा माणूस आहे मी. ज्याला या रेकॉर्डची अजिबात ओढ नाही तो कदाचित वाचला असता. पण तो मुळात घ्यायलाच गेला नसता. व्हिडिओ बहुतेक इंटरनेटवरून उचललेला असावा, कारण चकतीवरचं लेबल कुठेच स्थिर दिसत नव्हतं.

व्हिडिओ मागायचा तर असा मागा. विकणाऱ्याने त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून, तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी रेकॉर्डवर ठेवून, न थांबता एकाच फेऱ्यात काढलेला. सात इंची असेल तर स्लीव्ह पूर्ण उलगडून दोन्ही बाजू दाखवायला लावा. काळ्यापांढऱ्या स्लीव्हची झेरॉक्स फोनच्या फोटोत हुबेहूब वाटते, पण घड्या आणि मागची छपाई सहसा उघडी पडते. आणि शेवटच्या गाण्यानंतरचा गुळगुळीत पट्टा, तिथे कोरलेली अक्षरं तिरक्या उजेडात दाखवायला सांगा. इंग्लंडमध्ये रेकॉर्ड कापणारे स्वतःची खूण कोरत. जॉर्ज पेकम यांची ‘पोर्की’ ही खूण तर प्रसिद्धच आहे. बहुतेक प्रतींची ही अक्षरं इंटरनेटवर नोंदलेली सापडतात, जुळवून बघायला पाच मिनिटं लागतात. मी मागितली तेव्हा तो म्हणाला, ‘लाइट गेलीय दादा, उद्या पाठवतो.’ तो उद्या आलाच नाही. त्याऐवजी कुरियरची पावती आली, म्हणून मी 15,000 पाठवले आणि मागून विम्याचे 1,850.

पार्सल आठवडाभराने आलं, आणि खरी हुशारी इथेच होती. आत कव्हर नसलेल्या, कडा फुटलेल्या चार एलपी. कसल्या आहेत ते लेबलं खरवडल्यामुळे कळतही नव्हतं. वजन बरोबर. कुरियरच्या नोंदीत ‘पोहोचलं’. त्याचा फोन बंद, गटातून तो गायब. पार्सल वाटेत आहे या भरवशावर मी तो आठवडा गप्प बसलो, आणि तेवढ्यात पैसे त्या खात्यातून पुढे निघून गेले. पार्सल उघडताना आधी चिकटपट्टी शाबूत असल्यापासून व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा तो पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत, ‘बघू, येईल पार्सल’ म्हणत बसू नका. मी केला तेव्हा तक्रार क्रमांक मिळाला, पण खात्यात गोठवायला काही उरलं नव्हतं.

मग पोलीस ठाणं. ठाणे अंमलदार म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्यात अर्ज द्या. परत ठाण्यात. तिथले साहेब म्हणाले, ‘पार्सल मिळालंय ना तुम्हाला? मग हा व्यवहारातला वाद झाला, दिवाणी कोर्टात जा.’ मी व्हिडिओ दाखवला, मूळ प्रतीवर काय असतं ते सांगितलं. त्यांनी फोन हातातही घेतला नाही. ‘चाळीस वर्षांपूर्वीच्या तबकड्यांना एवढे पैसे कोण देतं, काका?’ शेजारचे दोघं हसले. गाडी चोरीला गेली असती तर हसले असते का? सोन्याची चेन असती तर? माझ्या पैशाचं सोनं करायचं की रेकॉर्ड घ्यायच्या हे मी ठरवणार, आणि जे चोरलं ते चोरलं. अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला होता. दुसऱ्या दिवशी तो रजेवर. खातं दुसऱ्या शहरातलं निघालं तेव्हा हद्दीचं कारण पुढे आलं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, माहिती घ्यावीच लागते. मी ते छापून नेलं. ‘तुम्ही वकील आहात का?’ एवढंच उत्तर.

बँकेची तऱ्हा वेगळीच. पिन तुम्हीच टाकला, म्हणून व्यवहार अधिकृत, म्हणून आमची जबाबदारी नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाचं, हेही सांगणार नाहीत, गोपनीयता आहे म्हणे. माझी तक्रार त्यांनी ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. गोपनीयता चोराची जपायची आणि आम्ही शाखेत उभं राहायचं!

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, त्याच कलमाच्या उपकलम 4 मध्ये ती सोय आहे. शहरात असाल तर आयुक्तालयाला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) आणि तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66डी, दोन्ही अर्जातच लिहा. गप्पांचे स्क्रीनशॉट पुरत नाहीत, सगळं संभाषण तारखेसकट बाहेर काढून ठेवा, समोरचा मेसेज पुसून टाकायच्या आत. मी माझा अर्ज आता असाच पाठवला आहे, उत्तराची वाट बघतोय.

गेल्या आठवड्यात एका मित्राने दुसऱ्या गटावरचा फोटो पाठवला. तीच यादी, नवा नंबर, भाव आता 52,000. फोटो माझ्याकडे आलेलेच आहेत. खाली हिरव्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, मॉबच्या स्लीव्हच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेली पौंडातली किंमत, आणि ‘फीडिंग’च्या कडेला पाण्याचा डाग. हे फोटो तुमच्याकडे आले तर नंबर, यूपीआय आयडी आणि खातेदाराचं नाव, तिन्हींचे स्क्रीनशॉट आधी काढा आणि मगच गटाच्या अॅडमिनला सांगा. अॅडमिनने त्याला आधी काढलं की पुरावा त्याच्याबरोबर जातो.