बाळाची कार सीट: सातारा–सांगली रस्त्यावर वर्षभर वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगते. घरात चारचाकी असेल आणि अधूनमधून का होईना हायवेला लागणं होत असेल, तर कार सीट घ्या. पण घेतानाच एक ध्यानात ठेवा, या सीटची स्पर्धा दुसऱ्या कंपनीच्या सीटशी नाही, आजीच्या मांडीशी आहे.

सासर साताऱ्यात, माहेर सांगलीत. मधे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता: कराड, पेठ नाका, आष्टा. बाळंतपण माहेरी झालं आणि लेकीला साताऱ्याला आणायची वेळ आली तेव्हा सीट घेतली. आधी मागे तोंड करून आणि नंतर पुढे तोंड करून वापरता येते त्या प्रकारातली, मधल्या किमतीची. बाळंतविड्यात आलेली पाकिटं त्यातच गेली.

आमची गाडी जुनी छोटी हॅचबॅक. आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायचे, हुक नाहीत, त्यामुळे सीट गाडीच्याच पट्ट्याने बांधावी लागते. घ्यायच्या आधी गाडी दुकानापर्यंत न्या आणि सीट लावून बघा, हे मी सगळ्यांना सांगते. मागे तोंड करून लावताना पट्टा सीटला वळसा घालून यावा लागतो आणि काही गाड्यांत तो चार बोटं कमी पडतो. आमच्यात जेमतेम पुरला. सीट घट्ट बसली का, हे बघायला पट्टा जिथून ओवलाय तिथे धरून हलवायची. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बांधायची. दुकानातल्या पोराने 'बसली की मॅडम' म्हणून हात झटकले होते, ती नीट बसली ती घरी, नवऱ्याने गुडघा रोवून पट्टा ओढल्यावर. पुढच्या सीटवर मात्र ती लावायची नाही. समोर एअरबॅग असेल आणि बाळाचं तोंड मागे असेल, तर ती बॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

आम्ही मागच्या बाजूला, डावीकडे लावली. बाळाला रस्त्याच्या कडेच्या बाजूने काढता येतं म्हणून. पण सकाळी सांगलीकडे निघालं तरी ऊन डावीकडून आणि संध्याकाळी परत येताना कराडच्या पुढे मावळतीचं ऊनही डावीकडूनच. काचेला जाळीचा पडदा लागतोच.

आता मांडीचं. उंब्रजच्या अलीकडेच लेकीने सूर लावला की सासूबाईंचा हात पट्ट्याकडे जायचा. 'अगं, गुरासारखं बांधून काय ठेवलंस पोरीला? दे हिकडं, माझ्या मांडीवर गप पडंल.' आणि खरंच पडते ती गप, त्यात वाद नाही. सासऱ्यांना मी कायदा सांगितला: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आहे, चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर एक हजार रुपये दंड. ते हसले. 'आम्हाला आजवर कोण अडवलंय?' बरोबर आहे, आम्हालाही कोणी अडवलेलं नाही. उपयोगी पडलं ते दुसरंच. नवऱ्याने त्यांना विचारलं, ताशी पन्नासने जाताना गाडी कशावर आदळली तर आठ किलोचं बाळ हाताला किती ओढेल? दोन-अडीचशे किलोसारखं. 'दोन पोती गहू मिठीत धरून दाखवा,' असं म्हटल्यावर सासरे गप्प झाले. सासूबाई मात्र अजून कराडपर्यंत कुरकुरतात.

मागे तोंड का, हेही घरात पुन्हा पुन्हा समजावावं लागलं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कोवळी. समोरून धक्का बसला तर पुढे तोंड असलेल्या बाळाची मान झटक्याने पुढे जाते, मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ सगळी सीटच्या कवचात दाबली जाते आणि जोर वाटला जातो. मुलांच्या सीटसाठीच्या युरोपच्या आर१२९ या मानकात किमान पंधरा महिने मागे तोंड ठेवायला सांगितलंय. 'तिला बाहेरचं दिसत नाही गं' याला उत्तर नाही. तिला मागची काच दिसते, तेवढं पुरे.

थंडीत अडचण झाली ती कुंचीची. आईने शिवलेली जाड कुंची, त्यावर दुपटं, आणि त्यावरून पट्टे. पट्टे वरून घट्ट वाटतात, पण कापड दबलं की आत बोटभर ढिलाई असते. म्हणून आधी साध्या झबल्यावर पट्टे आवळायचे. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर अजून ढिला आहे. मग वरून दुपटं. कुंची पोचल्यावर.

खरी झीज दिसली ती तेलाने. मालिश करून, न्हाऊमाखू घालून पोरीला बसवली की डोक्यापाशी पिवळट डाग पडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत वास धरतो. कव्हर निघतं, धुता येतं, पण परत चढवताना अर्धा तास जातो. पट्टे मात्र साबणात भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा, माहितीपत्रकातही तेच आहे. नाचणीच्या बिस्किटाचा चुरा मधल्या बकलात शिरला आणि एक दिवस 'टक्' आवाजच येईना. बकल सोडवून कोमट पाण्यात खळबळलं, वाळवलं, ठीक झालं. त्यात तेल घालायचं नसतं. उन्हाळ्यात गाडी उन्हात उभी असेल तर त्याच बकलाचा चटका बसतो, म्हणून सीटवर पांढरा पंचा टाकून जातो.

लहान बाळाला सीटमध्ये सलग दोन तासांहून जास्त ठेवू नये म्हणतात, त्यामुळे कराडला थांबतोच. मांडीवर घेऊन दूध, लंगोट, थोडं आडवं पाडणं. त्या थांब्यावर सासूबाईंची हौस फिटते. घरी पोचल्यावर झोपलेली असेल तरी उचलून गादीवर. सीट ही पाळणा नव्हे, मान पुढे कलंडते.

प्रॅम मात्र भेट आली होती, ती माळ्यावर आहे. राजवाड्याच्या गर्दीत आणि सज्जनगडाच्या पायऱ्यांवर तिचं काय काम? तिथे पोटाशी बांधायचं कॅरियर. एसटीलाही तेच. पाच वर्षांखाली तिकीट नाही, बायकांना २०२३ पासून अर्धं, आणि हिरकणी कक्ष उघडा असला तर दूध पाजायची सोय. कॅरियरमध्ये हात मोकळे राहतात इतकंच, ते गाडीतल्या सीटची जागा घेत नाही.

तुमचं सगळं जाणं-येणं एसटीने नाहीतर रिक्षाने असेल, तर एवढे पैसे घालू नका, चांगलं कॅरियर घ्या. वारंवार वेगवेगळ्या गाड्यांत बदलायची असेल तरीही विचार करा, सात-आठ किलोचं धूड उचलून पुन्हा बांधणं कंटाळवाणं आहे. जुनी घेणार असाल तर ओळखीच्या घरातलीच घ्या; अपघातात सापडलेली सीट बाहेरून धड दिसली तरी वापरायची नसते. आमची पुढे नणंदेकडे जाणार आहे, कव्हर बदलून.