लाळ द्या, बीपी-शुगरचं भविष्य घ्या: घरपोच डीएनए टेस्टचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कंपनीचं नाव टाकत नाहीये. अशा बऱ्याच कंपन्या आहेत, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तेच चालतं, आणि मला कुणाच्या लीगल टीमचे मेल वाचायची हौस नाही. घरपोच येणारी हेल्थवाली डीएनए टेस्ट, ज्यात तुम्हाला डायबेटिस आणि बीपीचा 'जेनेटिक रिस्क' काढून देतात, तिच्याबद्दल आहे हे. आमच्याकडे बाबांना शुगर, आईला बीपी, काकांना दोन्ही, त्यामुळे आतेभावाने एकावर एकच्या ऑफरमध्ये किट घेतले त्यातला एक मला दिला.

किट बाकी झकास आहे, खोटं कशाला बोला. ट्यूबला वरती नरसाळ्यासारखं तोंड, त्यात रेघेपर्यंत लाळ भरायची, फेस मोजायचा नाही, आधी अर्धा तास चहा-पाणी-सिगारेट काही नाही. वाचायला सोपं वाटतं पण सकाळी चहाशिवाय बसलं की तोंडाला कोरड पडते, रेघ काही येत नाही, शेवटी बायकोने चिंचेची बरणी उघडून समोर ठेवली तेव्हा काम झालं. मग झाकण घट्ट फिरवलं की झाकणातलं निळं पाणी खाली उतरतं आणि लाळेत मिसळतं, त्यामुळे डीएनए प्रवासात खराब होत नाही. बारकोड लावा, कुरियरवाला दारातून घेऊन जातो. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

रिपोर्ट म्हणजे जाडजूड रंगीत पीडीएफ. डायबेटिस 'मध्यम ते जास्त', बीपी 'मध्यम', आणि गाडीच्या मीटरसारखा काटा हिरव्यातून केशरीत गेलेला. खाली सल्ला काय, तर मीठ कमी करा, रोज चाला, वजन आटोक्यात ठेवा, नीट झोपा. अहो हे सांगायला लाळ कशाला लागते? आमच्या आईने लाळ न घेता हेच सांगितलं असतं, वर दोन शिव्या फुकट.

आता रिपोर्टमध्ये जी जीन्सची नावं आहेत ती खोटी नाहीत हे पण सांगायला पाहिजे. टीसीएफ७एल२ हा टाइप टू डायबेटिसशी (म्हणजे सहसा मोठेपणी होणारी नेहमीची शुगर) जोडलेला सगळ्यात दणकट जीन, हा संबंध २००६ मध्ये आइसलंडच्या डीकोड कंपनीच्या लोकांनी शोधला, आणि पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेतले गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधली डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची टीम यांनी आपल्या लोकांतही तो लागू पडतो हे दाखवलं. म्हणजे जीन खरा, संबंध खरा. पण हा सगळ्यात दणकट जीनसुद्धा एकटा रिस्क दीडपटीच्या आसपासच वाढवतो, आणि त्याचा रिस्कवाला प्रकार ज्यांच्याकडे आहे त्यातल्या कित्येकांना आयुष्यभर शुगर होत नाही. ही गोष्ट रिपोर्टमध्ये कुठेच सरळ लिहिलेली नाही, तिथे नुसता काटा.

खरी मजा एफटीओ या जीनची. रिपोर्टमध्ये तो 'लठ्ठपणा' या पानावर टाकलाय, कारण युरोपियन लोकांत तो वजन वाढवतो आणि वजनातून शुगर येते. पण याज्ञिकांच्याच टीमने २००९ मध्ये भारतीयांत हा जीन तपासला तेव्हा त्याचा शुगरशी संबंध नुसत्या वजनातून पूर्ण समजत नव्हता. म्हणजे तोच जीन, पण आपल्या अंगात त्याचं गणित वेगळं. मी त्यांच्या काउन्सेलिंग कॉलवर विचारलं की मॅडम, हा स्कोअर कुठल्या लोकांच्या डेटावर काढलाय, तर उत्तर आलं "सर, आमचा इंटरनॅशनल डेटाबेस आहे." बरं. म्हटलं त्यात भारतीय किती, तर म्हणाल्या टेक्निकल टीमला विचारून मेल करते. तो मेल अजून यायचाय.

हा प्रश्न मी खोडसाळपणे विचारला नव्हता. टाइप वन डायबेटिसचा (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) असाच एक जेनेटिक स्कोअर युरोपियन लोकांवर बनवलेला, तो आपल्याकडे चालतो का हे इंग्लंडच्या एक्सेटर युनिव्हर्सिटीने केईएम आणि सीसीएमबीबरोबर पुण्याच्या पेशंट्सवर तपासलं, २०२० मध्ये पेपर आला. चालतो, पण युरोपियनांत जितका नेमका तितका नाही. सगळं करिअर याच विषयात घालवलेली माणसं आधी आपल्या लोकांवर तपासून बघतात आणि मग जपून बोलतात, आणि इथे ऑफरमधला किट थेट काटा दाखवून मोकळा.

याज्ञिकांचं नाव पुण्यात बऱ्याच जणांना माहीत असेल, नसेल तर तो दोन वायवाला किस्सा वाचाच. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचं आडनाव इंग्रजीत वायपासून, आणि दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सेम, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांचा फोटो आणि हे आकडे २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी जर्नलमध्ये छापून आले. दिसायला बारीक, आतून चरबी, हा आपला देशी मामला. आणि तो जन्मापासून असतो हे त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांना आणि मग त्यांच्या पोरांना वर्षानुवर्षं फॉलो करून दाखवलं. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडचं साडेतीन किलोचं, तरी आपल्या किडकिडीत बाळाच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून. आईच्या रक्तात बी१२ आणि फोलेट या व्हिटॅमिन्सपैकी बी१२ कमी आणि फोलेट जास्त असलं तर पोराला सहाव्या वर्षीच इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं, जास्त दिसला. आता मला सांगा, आईच्या पोटात असताना काय झालं हे माझ्या लाळेतल्या जीनच्या यादीत कुठून दिसणार? किटच्या फॉर्मवर वजन-उंची विचारली, कमरेचा घेर नाही, जन्माचं वजन नाही, घरात कुणाला शुगर आहे का हा प्रश्न 'ऑप्शनल'.

बीपीचं पान तर आणखी पातळ. २०१८ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांचा डेटा घेऊन एक मोठा अभ्यास झाला, डीएनएवरच्या बीपीशी जोडलेल्या जागा ९०० च्या वर गेल्या, आणि यातल्या बहुतेक जागा एकेकट्या बीपी एक पॉइंटसुद्धा हलवत नाहीत. आमच्या किटने त्यातल्या मूठभर उचलल्या आणि म्हणे 'मध्यम'.

पण जेनेटिक्सने बीपीत काहीच साधलं नाही असं मात्र नाही. अमेरिकेतले रिचर्ड लिफ्टन, डॉक्टर आणि संशोधक, येल युनिव्हर्सिटीत होते, २०१६ मध्ये रॉकफेलर युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट झाले, यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. लाखो लोक नकोत, ज्या घरात लहान वयातच बीपी भयंकर वाढतं अशी मोजकी घरं शोधा. अशा घरांतला लिडल सिंड्रोम नावाचा आजार तर भारी आहे. १९६३ मध्ये डॉ. ग्रँट लिडल यांनी असं एक कुटुंब दाखवलं होतं, सोळा वर्षांची मुलगी, बीपी चढलेलं, पोटॅशियम कमी, आणि मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हार्मोन जवळपास नाहीच! त्याच बाईची पुढे किडनी बदलली आणि दुखणंच गेलं, म्हणजे घोळ किडनीतच. १९९४ मध्ये लिफ्टनच्या टीमने तो जीन पकडला. किडनीच्या नळ्यांत मीठ आत ओढणारी जी दारं असतात ती बंदच होत नाहीत. म्हणून अमिलोराइडसारखी ती दारं थेट बंद करणारी गोळी चालते, आणि अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन, जी डॉक्टरला अशा वेळी पटकन आठवेल, ती चालत नाही. त्यांनी असे एकामागून एक जीन शोधले आणि बहुतेक सगळ्यांची वाट शेवटी किडनी मिठाचं काय करते तिथेच गेली. जीनमधले उलटे बिघाड पण सापडले, ज्यांच्यामुळे किडनीतून मीठ बाहेर जातं, जीनच्या दोनपैकी एकाच कॉपीत असा बिघाड असलेल्या माणसांचं बीपी कमी राहतं, हे २००८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या मोठ्या अभ्यासातल्या लोकांत दिसलं. 'लोणचं-पापड कमी करा'च्या मागे एवढं सॉलिड विज्ञान आहे आणि रिपोर्टमध्ये त्याची एक ओळ नाही.

शुगरमध्येपण तसंच. एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सलींनी मोडी (MODY) नावाच्या, एकाच जीनच्या बिघाडाने होणाऱ्या डायबेटिसवर काम केलं. ग्लुकोकायनेज जीनवाला प्रकार असेल तर शुगर जरा वर असते पण सहसा औषध लागतच नाही, दुसऱ्या एका प्रकारात साधी सल्फोनिलयुरियाची गोळी पुरते. अशा पेशंटमध्ये टाइप वन समजून वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचून घेत बसलेली माणसं असतात, तिथे जीन टेस्ट म्हणजे आयुष्य बदलतं. तर कमी वयात शुगर लागली, अंगाने बारीक, घरात तीन पिढ्या शुगर, किंवा विशीत बीपी आणि सोबत पोटॅशियम कमी, असं काही असेल तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जा, ते लिहून देतील ती टेस्ट वेगळी असते. हा किट ती टेस्ट नाही आणि बॉक्सवर ते लिहिलेलंही नाही.

बाकीच्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट करा, चांगलं बीपी मशीन घ्या, दंडावर बांधायचं, मनगटावालं नको. ते मशीन आई-बाबा-काका सगळ्यांना वापरता येतं.

अजून दोन तक्रारी. काउन्सेलिंग कॉल म्हणजे शेवटी 'तुमच्या जीन्सप्रमाणे' सप्लिमेंटचं महिन्याचं पॅकेज, नाही म्हटलं तरी व्हॉट्सअ‍ॅप चालूच. आणि संमतीच्या पानावर 'रिसर्च पार्टनरला डेटा देऊ' हा चौकोन आधीच टिक केलेला, बारीक अक्षरात, तो काढा. ट्वेंटीथ्री अँड मी सारख्या अमेरिकेतल्या मोठ्या डीएनए टेस्ट कंपनीचा डेटा २०२३ मध्ये चोरीला गेला आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लाखो लोकांच्या डीएनएचं आता काय हा प्रश्न उभा राहिला. मी माझा डेटा आणि उरलेलं सँपल नष्ट करायची रिक्वेस्ट टाकलीय.

पाचात दीड स्टार, त्यातला एक त्या झाकणातल्या निळ्या पाण्याला. आतेभावाचा किट अजून सील आहे, पण परत घेत नाहीत म्हणतात, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.