‘आर्टिस्ट एडिशन’ टी-शर्टच्या नावाने घातलेला गंडा

गणपतीत चाकरमानी गावी येतात, दहावीच्या बॅचचा मेळावा ठरतो आणि कुणीतरी म्हणतंच, “यंदा टी-शर्ट करूया.” रत्नागिरीत आमचंही तसंच झालं. लाल एसटी, कौलांवरची अँटेना, पेन्सिल घालून फिरवायची कॅसेट, आणि हे सगळं भिंतीवरच्या ग्राफिटीच्या ढंगात. इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवर अगदी हेच सापडलं. पेजचं नाव देत नाही. ते आता बंद आहे, दुसऱ्या नावाने धंदा चालू असणार.

जाहिरात झोकात होती. डिझाइन स्ट्रीट आर्टिस्टचं, विक्रीतला वाटा कलाकाराला, हाताने केलेलं स्क्रीन प्रिंट, २४० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे जाड) कॉटन, मोजकेच नग. भाव ६९९, घाऊक घेतल्यास ४५०. आधी एक नमुना मागवला, तो खरोखर झकास निघाला. सगळी मेख त्या नमुन्यात आहे. तो चांगलाच असतो.

निम्मे पैसे यूपीआयने आगाऊ, उरलेले पार्सल आल्यावर. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर उत्तर तयार: “आमच्या अकाउंटंटचं खातं आहे.” आमचा बंड्या म्हणाला, निम्मे पैसे कॅश ऑन डिलिव्हरी आहेत, मग भीती कसली? पण कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय खोका फोडू देत नाही, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा दोषही नाही.

खोक्यात निघालेलं कापड इतकं विरळ की आतली बनियन दिसावी. चित्र कापडात मुरलेलं नव्हतं, वर चिकटवलेलं होतं. एसटीच्या बॉनेटभोवती पांढरी कड, नख लावलं की कोपरा सुटत होता. एक धुऊन पडवीतल्या दोरीवर टाकला, तर वाळेपर्यंत कॅसेट अर्धी सोलून आली. कळस म्हणजे प्रत्येक शर्टासोबत ‘लिमिटेड एडिशन’चं कार्ड होतं आणि सगळ्या कार्डांवर नंबर एकच: १२/५०, म्हणजे पन्नासांतला बारावा.

चिपळूणच्या एका छपाईवाल्याने शर्ट हातात घेताच सांगितलं, हे डीटीएफ. फिल्मवर चित्र छापायचं, गोंदाची पूड टाकायची, गरम प्रेसने कापडावर उतरवायचं. नीट केलं तर तेही टिकतं, हे घाईत उरकलेलं. स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाची वेगळी जाळी करावी लागते. इतक्या रंगांचं चित्र, इतके थोडे नग आणि हा भाव, हे गणित बसूच शकत नाही, असं तो म्हणाला. ऑर्डर देण्याआधी जवळच्या छपाईवाल्याला एक फोन केलात तर एवढं तो फुकट सांगेल.

चित्राचा फोटो गूगल लेन्सवर टाकल्यावर मूळ कलाकार सापडला. मुंबईचा मुलगा, भिंती रंगवतो. एसटीचं ते चित्र त्याने पोस्टर म्हणून कधीच टाकलं होतं. वाटा सोडाच, या पेजचं नावही त्याने ऐकलं नव्हतं. मला जास्त चीड याची आली. आमचे पैसे गेले, त्याचं तर चित्रच गेलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क त्याचा, पण पळून गेलेल्या पेजवर तो कुठे दावा लावणार? ‘कलाकाराला वाटा’ असं कुणी लिहिलं असेल तर आधी त्या कलाकारालाच मेसेज करा.

पेजवाल्यांकडे तक्रार केल्यावर त्यांचा दुसरा डाव आला. “रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.” बॅचमधली सुमा बँकेत आहे, तिने फोन हिसकावूनच घेतला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लवकर केला तर समोरच्या खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. आमच्या खात्यातून पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते. तक्रार क्रमांक मिळालाय, पैसे नाहीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवावा लागतो. यांच्याकडे फक्त व्हॉट्सॲप नंबर होता. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत.

तुमच्याही खोक्यात १२/५० चं कार्ड निघालं असेल तर ते फेकू नका. त्याचा फोटो तक्रारीला जोडा.