केआय-६७, पी५३ की पोडोप्लानिन: मुखाच्या कर्करोगात कोणते रंगवावे?

मुखाच्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचे (अस्तराच्या पेशींच्या कर्करोगाचे) पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेले ऊतकाचे तुकडे, हाताशी आहेत, एक-दोन अँटिबॉडींपुरतीच (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते रंगवून दाखवणाऱ्या द्रव्यांपुरतीच) तरतूद आहे आणि रुग्णाच्या पुढील वाटचालीचा अंदाज देणारे प्रथिन निवडायचे आहे, अशा वेळी प्रश्न बहुधा या तिघांपाशी येऊन थांबतो. तिन्ही मी वापरली आहेत. ट्यूमरची खोली, मार्जिन (काढलेल्या भागाची कड) आणि लसीका गाठीच्या वेष्टनाबाहेरचा प्रसार यांची जागा यांपैकी एकही घेत नाही. टीएनएम या कर्करोगाची अवस्था ठरवण्याच्या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीनेही मुखासाठी खोलीचे ५ व १० मिलिमीटरचे टप्पे आणले, प्रथिन मात्र एकही घेतले नाही.

पी५३ दिसते त्याहून फसवे आहे. जनुकातील बदलामुळे प्रथिन साचले की केंद्रके गडद रंगतात, पण बदलाने प्रथिन अर्धवटच तयार होत असेल तर काहीच रंगत नाही, आणि नवशिका ते ‘निगेटिव्ह’ म्हणून निरोगी नमुन्यांत टाकतो. मीही टाकले होते. शेजारच्या पेशींत तुरळक, फिकट रंग आहे ना, हे पाहिल्याशिवाय अशी स्लाइड वाचू नये.

केआय-६७ वर माझा सुरुवातीला सर्वाधिक भरवसा होता. विभाजनचक्रातील पेशी रंगते, विश्रांतीतील रंगत नाही. याहून सरळ काय असणार? अडचण मोजणीत आली. सुविभेदित (मूळ ऊतकाशी साम्य राखलेल्या) ट्यूमरमध्ये पेशींच्या बेटांची कड तपकिरी, म्हणजे रंगलेली, आणि केराटिनच्या मोत्यांभोवतीचा (केराटिन साचलेल्या गोल पुंजक्यांभोवतीचा) भाग निळा, म्हणजे न रंगलेला, राहत असल्याने टक्केवारी ट्यूमरपेक्षा आपण कुठे भिंग लावले यावरच अधिक ठरते. एकाच स्लाइडवर ५०० पेशी मोजून मी १८ टक्के लिहिले, सहकाऱ्याने ३४. आम्ही पेनाने जागा आखून घेतल्या, तरी महिन्याभराने माझाच आकडा मला जुळेना. इतरांची शिस्त कदाचित अधिक चांगली असेल. माझा निर्णय मात्र तिथेच झाला.

पोडोप्लानिनसाठी डी२-४० ही अँटिबॉडी लावली की लसीकावाहिन्यांचे अस्तर जवळजवळ प्रत्येक छेदात रंगते, त्यामुळे रंग नीट बसला की नाही हे वेगळे विचारावे लागत नाही. शिवाय साध्या स्लाइडवर ज्या पोकळीबद्दल ‘वाहिनी की आक्रसलेला ऊतक’ असा वाद होतो, तो त्याच छेदात बऱ्याचदा मिटतो. वाचनही मोजणीचे नसते: बेटाची फक्त बाहेरची रांग रंगली आहे की रंग आतपर्यंत गेला आहे, एवढेच पाहावे लागते. दोष आहेतच. ट्यूमरभोवतीचे फायब्रोब्लास्टही (आधार देणाऱ्या ऊतकातील पेशी) रंगतात, आणि बेटाची कडच तपकिरी असली की वाहिनीचे पातळ अस्तर तिच्यात हरवते. अशा वेळी सीडी३१ ची (वाहिन्यांच्या अस्तरातील दुसऱ्या प्रथिनाची) जोड द्यावी लागते. तरीही एकच अँटिबॉडी घेणे शक्य असेल तर मी हीच घेईन, फक्त ब्लॉक आक्रमक कडेचा निवडावा आणि हाडासह डिकॅल्सिफाय केलेला (कॅल्शियम काढून मऊ केलेला) शक्यतो टाळावा.