डोंगरात राहायची जागा आणि बुकिंग ॲप: काय दिसतं, काय दिसत नाही

डोंगरात सुट्टीला जायचं ठरलं की घरातले आणि ग्रुपमधले सगळे मलाच विचारतात कुठे राहायचं म्हणून, मग मी परत ती नेहमीची बुकिंग ॲप्स उघडून बसते. आता इतका वापर झालाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. हा कुठल्या एका ॲपचा रिव्ह्यू नाही, कारण डोंगराच्या बाबतीत सगळी साधारण सारखीच वागतात. शहरात किंवा समुद्रावर राहायचं असेल तर मी डोळे झाकून पाचपैकी साडेचार देईन पण डोंगरासाठी तीनच. खोलीबद्दल सगळं सांगतात, गादी किती इंची, टीव्ही केवढा, वायफाय आहे का, पण ती खोली ज्या उतारावर उभी आहे त्या उताराबद्दल अक्षरही नाही आणि डोंगरातला मुक्काम सुखाचा होणार की नाही हे निम्म्याच्या वर त्या उतारावरच ठरतं.

आधी अंतराचं घ्या. "सेंटरपासून दीड किमी" असं लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा सरळ रेषेत मोजलेलं असतं. सपाट गावात ठीक आहे हो, डोंगरात मध्ये दरी असते, नदी असते, नाहीतर वळणावळणाचा घाट असतो, त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारी जागा गाडीने अर्धा तास लांब निघते. स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन आणि म्युरेन बघा. एक दरीच्या तळाला साधारण ८०० मीटरवर, दुसरं कड्याच्या वर १६०० मीटरच्याही पुढे, नकाशावर अगदी जवळजवळ, पण म्युरेनला पर्यटकांची गाडी जातच नाही, केबल कार किंवा ट्रेननेच जायचं. झेरमाटलाही तेच, गाडी ५ किमी अलीकडे टेशला ठेवून पुढे ट्रेन पकडायची. अशा ठिकाणी राहणं फार सुंदर असतं, मला तर मनापासून आवडतं, संध्याकाळी गाडीचा एक हॉर्न ऐकू येत नाही. पण सोबत म्हातारी माणसं, लहान मुलं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर शेवटची केबल कार किती वाजता हे खोलीच्या फोटोंआधी बघायला हवं, आणि ते ॲपवर नसतं.

दुसरं म्हणजे उंची, आणि यावर माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. स्विमिंग पूलचा फिल्टर आहे, पाळीव प्राण्यांचा आहे, पण जागा समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे याचा फिल्टर मी अजून एकाही ॲपमध्ये पाहिला नाही. साधारण २५०० मीटरच्या वर गेलं की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असा उंचीचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तरुण आहे फिट आहे म्हणून होणार नाही असं काही नसतं. आणि दिवसा तुम्ही किती वर फिरून आलात त्यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपता याला जास्त महत्त्व आहे. ३००० मीटरच्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबावं असं सांगितलं जातं. म्हणजे मुक्कामाची जागा निवडणं हा इथे तब्येतीचाही निर्णय आहे, नुसत्या आवडीनिवडीचा नाही.

पेरूमध्ये याचं चांगलं उदाहरण आहे. लोक विमानाने कुस्कोला उतरतात, ते साधारण ३४०० मीटरवर, पण बरेच जाणकार पहिल्या रात्री तिथे न थांबता खालच्या खोऱ्यात ओलांतायताम्बोच्या बाजूला जातात, ते २८०० च्या आसपास आहे, आणि कुस्को परतीच्या वाटेवर करतात. माचू पिक्चू तर त्याहूनही खाली, २४०० मीटरच्या जरा वर. त्याच ट्रिपमध्ये नुसता मुक्कामाचा क्रम उलटा केला की शरीराला किती सोपं जातं बघा. लेहला विमानाने गेलात तर थेट ३५०० मीटरवर उतरता, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरतो, म्हणून पहिले दोन दिवस आराम करता येईल अशी जागा घ्यायची, जिन्यांची चढउतार कमी असलेली, दवाखान्याच्या जवळची. व्ह्यू नंतर. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल किंवा कुणी गरोदर असेल तर बुकिंगच्या आधी डॉक्टरांना विचारा, प्लीज.

आता ऊन. मला विचाराल तर ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. नॉर्वेमध्ये र्युकान नावाचं गाव आहे, अरुंद दरीत वसलेलं, तिथे सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत गावात थेट ऊन पडतच नाही. लोकांना वर उन्हात जाता यावं म्हणून १९२८ मध्ये तिथे केबल कार बांधली आणि २०१३ मध्ये डोंगरावर मोठे आरसे बसवून गावाच्या चौकात ऊन पाडलं! एवढं टोकाचं सगळीकडे नसतं पण हिवाळ्यात दरीच्या तळाच्या हॉटेलात सकाळी दहापर्यंत ऊन नाही आणि तीनला गेलंसुद्धा, हे अगदी सर्रास होतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार उबदार आणि कोरडा राहतो, उत्तरेकडचा थंड, ओलसर, तिथला बर्फही उशिरा वितळतो. न्यूझीलंड किंवा अर्जेंटिनाला गेलात तर हे बरोब्बर उलटं.

त्यात अजून एक आहे. उंचीप्रमाणे दर १००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते हे शाळेत शिकलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं की जितकं खाली तितकं उबदार. पण निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून घसरत दरीच्या तळाला साचते आणि पहाटे तळातलं गाव वरच्या उतारापेक्षा जास्त गारठलेलं असतं. उलट एकदम धारेवरच्या हॉटेलला रात्रभर वारा आणि पावसाळी हवेत दिवसभर ढग, खिडकीबाहेर नुसतं पांढरं. म्हणून मला विचारलंत तर दोन्हीच्या मधली, उताराच्या अंगावरची, सूर्याकडे तोंड करून असलेली जागा. पटकन सापडत नाही पण सापडली की तीन रात्रींची चार रात्री करावीशी वाटते.

हे शोधायला मी काय करते, तर ॲपवर पिन बघून तीच जागा गूगल अर्थवर उघडते. तिथे समोरचा डोंगर किती जवळ आणि किती उंच आहे ते कळतं. कॉम्प्युटरवरच्या प्रो व्हर्जनमध्ये सूर्याची वेळ पुढेमागे करता येते, डिसेंबरची तारीख टाकली की सावली कुठपर्यंत येते ते डोळ्यासमोर दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे.

"माउंटन व्ह्यू" या टॅगवर विसंबू नका. डोंगरात प्रत्येक खिडकीतून डोंगर दिसतो, पण बर्फाची शिखरं दिसतात की समोरचा झाडीचा उतार दिसतो हे त्या टॅगवरून कळत नाही. हॉटेलवाल्यांचे फोटो सोडा, पाहुण्यांनी टाकलेले बघा आणि त्यातही खोलीचे कोपरे बघा. पलंगाच्या बाजूला छोटा प्लगचा हीटर उभा असेल तर खोलीत कायमची हीटिंग नाही असं समजायचं, म्हणजे लाइट गेली की हीटरही गेला. भिंतीच्या खालच्या बाजूला रंग फुगलेला असेल, पडद्यामागे काळपट डाग असेल तर ओल आहे. आंघोळीच्या खोलीत गीझर केवढा दिसतो, १५ लिटरच्या गीझरवर चौघांच्या लागोपाठ आंघोळी होत नाहीत.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. थंडी वाजते म्हणून कुणी खोलीत कोळशाची शेगडी आणून दिली तर नाही म्हणा. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि झोपेतच जीव जातो. गॅसवर चालणारा हीटर असेल तरी हवा खेळती आहे का ते विचारा. जास्तीची रजई मागा, गरम पाण्याची पिशवी मागा, पण शेगडी नको.

ॲप्सचं चांगलं काय तेही सांगते, तीन मार्क काही उगाच दिलेले नाहीत. रिव्ह्यूंमध्ये शब्द शोधता येतात, हे सोनं आहे. मी "थंडी", "गरम पाणी", "पायऱ्या", "रस्ता" असे शब्द टाकते, इंग्रजीतूनही टाकते, आणि आपण ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले रिव्ह्यू वाचते, कारण मे मधले पाच स्टार जानेवारीत काही कामाचे नाहीत. दुसरं म्हणजे फ्री कॅन्सलेशन, दरड कोसळली, बर्फाने रस्ता बंद झाला तर त्याची किंमत कळते, डोंगरात मी हा ऑप्शन सोडतच नाही. आणि तिसरं, मालकाशी थेट चॅट. मी सगळ्यांना तोच मेसेज पाठवते: "या महिन्यात खोलीत ऊन किती ते किती असतं? लाइट गेल्यावर गरम पाण्याची आणि हीटिंगची काय सोय? गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती?" ज्याचं उत्तर येतं "सब फॅसिलिटी है मॅडम" त्याला मी धन्यवाद म्हणून सोडून देते. आणि एका होमस्टेच्या बाईंनी लिहिलं होतं की सकाळी नऊला ऊन येतं, चारला मागच्या डोंगराआड जातं, पायऱ्या चाळीस आहेत पण मुलगा बॅगा घेईल. तिथे मी लगेच बुक केलं. जशी सांगितली होती तशीच जागा निघाली.

ट्रेकर लोकांसाठी मात्र ही ॲप्स अपुरीच आहेत. आल्प्समधल्या डोंगरी झोपड्यांचं, म्हणजे वाटेवर ट्रेकरना रात्री राहता येतं अशा निवाऱ्यांचं, बुकिंग बहुतेक करून त्या त्या अल्पाइन क्लबकडे (गिर्यारोहकांच्या संस्थेकडे) किंवा झोपडीच्या स्वतःच्या साइटवर होतं, तिथे बऱ्याचदा एका हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून झोपायचं असतं आणि स्लीपिंग बॅगचं आतलं अस्तर आपलं आपण न्यायचं असतं. नेपाळमधल्या ट्रेकच्या वाटांवरच्या कितीतरी टीहाऊस, म्हणजे राहण्याजेवणाची साधी घरं, ॲपवर सापडतच नाहीत, गाइडमार्फत किंवा फोनवरच ठरतं.

निघायच्या आदल्या दिवशी जागेच्या मालकाला एक फोन कराच, ॲपमधून नाही, सरळ फोन. रस्ता चालू आहे का, पाइपात पाणी गोठलंय का, अंधार पडायच्या आत पोचायला किती वाजता निघावं लागेल, एवढं विचारा.