शाळेतलं गरम जेवण: पोट भरतं, पण अभ्यासाचं काय?

शाळेतच शिजवून मधल्या सुट्टीत वाढलं जाणारं गरम जेवण अभ्यासाच्या दृष्टीने पाचपैकी चार गुणांचं. पाचवा गुण कापला तो वाढपासाठी.

फायदा खरा आहे. भारतातल्या मध्यान्ह भोजनावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरापेक्षा कमी काळ जेवण मिळालेल्या मुलांच्या तुलनेत पाच वर्षांपर्यंत मिळालेल्यांचे वाचनाचे गुण १८ टक्क्यांनी आणि गणिताचे ९ टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणजे परिणाम साचत जातो. एका सत्रात निकाल मागणं मुलांवर अन्याय आहे.

वेळही पाहा. सकाळी उपाशी आलेलं मूल तिसऱ्या तासालाच ढेपाळतं. शाळा सुटताना ताट दिलं तर हजेरी वाढेल, त्या दिवसाचे तास मात्र रिकाम्या पोटीच जातील.

आता पातेल्याजवळ उभे राहा. डाळ तळाशी बसते. ओगराळं वरवर फिरलं की पहिल्या वीस मुलांना पाणी आणि शेवटच्यांना गोळा मिळतो. कागदावर प्रथिनं सगळ्यांना सारखी, ताटात नाहीत. दर चार-पाच ताटांनंतर तळापासून ढवळायचं आणि रोज एकाच मापाचं ओगराळं वापरायचं, इतकं साधं आहे हे. लहान वर्ग नेहमी आधी बसत असतील तर पातळ डाळ रोज त्यांच्याच वाट्याला येते, म्हणून पंगतीचा क्रम बदलता ठेवा.

लोहाकडे फार दुर्लक्ष होतं. रक्त कमी असलेलं मूल पोट भरूनही लक्ष देऊ शकत नाही. डाळी-पालेभाज्यांमधलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व हवं, म्हणून वाढताना वरून लिंबू पिळा. शिजवताना घातलं तर उष्णतेने बरंचसं वाया जातं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही.

सगळ्यात मोठी गळती वेळेची. एका मुलाला हात धुवायला २० सेकंद धरले तरी १०० मुलांना एका नळावर ३३ मिनिटं लागतात. पाच नळ असले तर सात. त्यात शिक्षकच तांदूळ मोजणार, वाढणार आणि नोंदवही भरणार असतील तर पुढचा तास गेलाच. केनियातल्या बालवाड्यांमध्ये नाश्त्याने हजेरी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, पण शिकवण्याचा वेळ कमी झाला. गुण वाढले ते फक्त जिथे शिक्षक आधीपासून अनुभवी होते तिथे. स्वयंपाक आणि वाढप या कामांना वेगळी माणसं हवीतच.

आपल्या शाळेत काय होतं ते तपासायचं असेल तर सुट्टी संपल्याची घंटा आणि फळ्यावरचं पहिलं अक्षर यांत किती मिनिटं जातात, ते आठवडाभर लिहून ठेवा. दहाच्या वर गेली तर मेनू बदलण्याआधी नळ वाढवा.