बटण दाबून धरलं की आकडा पळतो: आठ महिन्यांचा अनुभव

मेहुण्याचं वह्यांचं होलसेल दुकान आहे. ऑर्डर घ्यायला मे महिन्यात त्याला फ्लटरमध्ये (ॲप बनवायच्या गूगलच्या साधनात) एक छोटं ॲप करून दिलं. प्रत्येक मालापुढे प्लस आणि मायनस. दोनच दिवसांत फोन आला, "दाजी, सहा डझनाला ७२ वेळा बोट आपटू का?" बटण दाबून धरलं की आकडा आपोआप वाढत राहावा, ही मागणी तिथून आली.

आयफोनच्या यूआयस्टेपरमध्ये (प्लस-मायनसच्या तयार बटणजोडीत) ही सोय आयतीच असते. फ्लटरमध्ये स्वतः करावी लागते. लांब दाबल्याची खबर देणाऱ्या ऑनलाँगप्रेसचा उपयोग नाही, तो एकदाच चालतो. म्हणून बोट टेकलं की टायमर सुरू, उचललं की बंद, असा साधा हिशेब केला. सुरू करणं दहा मिनिटांचं काम निघालं. वेळेवर बंद करायला पावसाळा गेला.

पहिला घोळ जूनच्या ऐन गर्दीत. मी स्पर्श ओळखणाऱ्या जेस्चरडिटेक्टरचे ऑनटॅपडाऊन (बोट टेकलं) आणि ऑनटॅपअप (बोट उचललं) वापरले होते, आणि बटणं सरकत्या यादीत. बोट १८ लॉजिकल पिक्सेलहून (हे फ्लटरचं अंतराचं माप) जास्त घसरलं की टॅप रद्द. मग ऑनटॅपअप येतच नाही, ऑनटॅपकॅन्सल येतो. तो मी हाताळलाच नव्हता. बोट उचललं तरी आकडा धावतोय! एका ऑर्डरीत चौरेघी वह्या ९१४ लागल्या. मेहुण्याच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं.

शेवटी लिसनर लावला, तो बोटाची हालचाल थेट कळवतो. हा टॅप की सरकवणं, या जेस्चरांच्या भांडणात तो पडत नाही. बोट बटणाबाहेर जाऊन उठलं तरी कळवतो. यादी सरकू लागली की मी मोजणी थांबवतो. सिस्टीमनं मध्येच स्पर्श तोडला तर ऑनपॉइंटरकॅन्सल येतो, टायमर तिथेही बंद करायचा. आणि विजेट (स्क्रीनवरचा घटक) काढून टाकताना चालणाऱ्या डिस्पोजमध्ये तर नक्कीच, नाहीतर ओळ स्क्रीनबाहेर गेल्यावरही टायमर मेलेल्या विजेटवर सेटस्टेट (पुन्हा रंगवायचा हुकूम) मारत बसतो.

दुसरा घोळ बारीक, पण डोकं उठवणारा. ७२ वर बोट सोडलं की ७३! बटणाचा ऑनप्रेस्ड (दाबल्यावर चालणारा कोड) बोट उचलताना चालतो, कितीही वेळ दाबलेलं असो. काढून टाकावा म्हटलं, तर टॉकबॅक (अंधांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वापरणाऱ्याचा दुहेरी टॅप तिथेच पोचतो. म्हणून टायमरनं एकदा जरी मोजलं असेल तर तो शेवटचा टॅप सोडून देतो.

वेग ठरवायला मेहुण्यालाच शेजारी बसवलं. सुरुवातीला ४०० मिलिसेकंद थांबायचं, मग दर ८० ला एक, म्हणजे सेकंदाला साडेबारा. पहिला थांबा फार कमी केला तर जड हाताच्या माणसाचा एकच टॅप दोन मोजला जातो. हौसेनं वेग वाढत जाणारा करून पाहिला. ७२ हुकून ८५, मागे येताना ६०. शिव्या खाल्ल्या. त्यापेक्षा दोन सेकंदांनंतर १२ च्या पटीत उडी त्याला लगेच पटली. त्याचं डोकं डझनातच चालतं ना!

डेटाबेसमध्ये मात्र बोट उचलल्यावर एकदाच लिहा. दर आकड्याला फोन थरथरवत होतो, ते दुकानातल्या पोरानं दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावलं.

गंमत म्हणजे मोठ्या ऑर्डरीला मेहुणा आता प्लस धरतच नाही. दिवाळीनंतर आकड्यावर टॅप करून थेट टाइप करायची सोय दिली, तेव्हापासून ५०० वह्या तो तशाच लिहितो. दाबून धरतो ते मायनस. गिऱ्हाईक म्हणतं "थोड्या कमी करा", आणि हा स्क्रीन त्याच्याकडे फिरवून आकडा उतरवत राहतो, ते "बस" म्हणेपर्यंत.